पाणी नसलेल्या खड्ड्यात निचरा कसा बघायचा

निचरा चांगला असलेली जमीन ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही, आणि चिबड जमीन तर बांधावरूनच कळते, तिथलं गवतच वेगळं असतं. गोची होते ती मधल्या जमिनीची. वर्षातले नऊ-दहा महिने अगदी शहाण्यासारखी वागणार आणि उरलेले दोन-तीन महिने गुपचूप मुळांच्या खाली पाणी धरून बसणार, वरून बघणाऱ्याला पत्ताच नाही. अमेरिकेतल्या सॉइल सर्व्हेमध्ये निचऱ्याचे सात वर्ग आहेत (पाण्याखालच्या मातीचा वेगळा वर्ग सोडला तर) आणि 'मॉडरेटली वेल ड्रेन्ड' (म्हणजे मध्यम निचऱ्याचा) हा वरून मोजा नाहीतर खालून, चौथाच येतो. बरोब्बर मधला. मी सध्या न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात मातीवर एमएस करतेय आणि फील्ड कोर्सला प्रोफेसरांनी आमच्या ग्रुपला मुद्दाम हाच वर्ग दिला, त्यात माती गाळाची आणि जागा नदीच्या टेरेसवरची. ऑगस्टचा शेवट, खड्डा दीड मीटर खोल, आत पाण्याचा थेंब नाही, भिंतीला हात लावला तर जेमतेम ओल. आणि फॉर्मवर लिहायचंय की एप्रिलमध्ये इथे पाणी कुठपर्यंत चढतं.

तर हे जमतं. कसं जमतं ते सांगते, आणि आमच्या वाळव्याकडच्या काळ्या रानात हीच युक्ती का चालत नाही तेही.

आधी जागा. जेनेसी नावाची नदी आहे, पेनसिल्व्हेनियात उगम पावते आणि न्यूयॉर्क राज्य दक्षिणेकडून उत्तरेकडे कापत रॉचेस्टरजवळ ओंटारिओ सरोवराला मिळते. उत्तरेकडे वाहते हे महत्त्वाचं, कारण हिमयुगातला लॉरेंटाइड नावाचा बर्फाचा थर उत्तरेकडूनच आला होता आणि साधारण १२ ते १५ हजार वर्षांपूर्वी तो मागे सरकत होता तेव्हा नदीची पुढची वाट बर्फानेच अडवलेली, मग पाणी जाणार कुठे, तर दरीतच तुंबलं. एकामागून एक तळी झाली, बर्फ हटेल तशी त्यांची पातळी बदलत गेली, तळ्याच्या शांत पाण्यात बारीक गाळ बसत राहिला, नंतर नदी वाहती झाली तेव्हा तिने तिचा पुराचा गाळ आणून टाकला, थोडाफार वाऱ्यानेही आला. आणि मग नदी स्वतःच्याच गाळात खाली खाली कापत गेली आणि जुना पूरपट्टा वर राहिला, तेच हे टेरेस. कृष्णाकाठी मळईच्या वर जो सपाट पट्टा लागतो ना, जमीन नदीनेच घातलेली पण पूर सहसा तिथे पोचत नाही (२०१९ सोडून द्या), तोच प्रकार. फक्त आपल्याकडचा गाळ बेसाल्टचा, काळा आणि चिकट, आणि इथला शेल आणि वाळूखडकाचं बर्फाने केलेलं पीठ.

पीठ म्हणजे खरंच पीठ. ओली करून अंगठा आणि बोटात चोळली की मैद्यासारखी गुळगुळीत लागते, चिकटपणा जवळपास नाही, आणि बोटं वाळली की हातावर फिकट पावडर राहते, झटकली की उडून जाते. पोत हाताने बघायची पद्धत सगळीकडे सारखीच, गोळा करायचा, अंगठ्याने दाबून पट्टी काढायची, ती किती लांब होऊन तुटते ते बघायचं. आमच्या रानातल्या मातीची पट्टी पाच सेंटीमीटरच्या पुढे जाते आणि वर वाकून लोंबते. इथली दोन सेंटीमीटरलाच तुटून पडली. म्हणजे क्ले (सगळ्यात बारीक, चिकट कण) कमी, माझ्या हाताच्या अंदाजाने १२-१४ टक्के, बाकी जवळपास सगळा सिल्ट (क्लेपेक्षा जाड, वाळूपेक्षा बारीक), पोत सिल्ट लोम. खरी अडचण सिल्ट आणि अतिबारीक वाळू वेगळी करण्यात येते, कारण ०.०५ मिलिमीटरच्या खाली सिल्ट आणि वर वाळू असं पुस्तकात आहे पण ०.०७ चा कण बोटाला काय कळणार. माझ्याबरोबरचा पीएचडीवाला सरळ चिमूटभर दातात धरतो, कचकच आली की वाळू, नाही आली की सिल्ट. शेणखताच्या शेतात मी काय ते केलं नाही. गंमत म्हणजे पुढे वर्गीकरणात ही भानगड निम्मी मिटते, कारण फॅमिली (वर्गीकरणातली एक खालची पायरी) ठरवताना वाळूची रेषा ०.१ मिलिमीटरला मारतात आणि अतिबारीक वाळू सिल्टच्या बाजूलाच धरतात. पाणी धरणं, केशाकर्षण वगैरे बाबतीत ती सिल्टसारखीच वागते म्हणून.

अण्णांना व्हिडिओ कॉलवर भिंत दाखवली तर म्हणाले, "ही कसली गं माती, पिठूळ नुसती, भेगा कुठायत?" भेगा नाहीत अण्णा. फुगणारी क्लेच नाही तर भेगा कुठनं येणार.

आता थर. वरचे २३ सेंटीमीटर नांगरटीचे, तपकिरी, मन्सेलच्या पुस्तकात (मातीचा रंग जुळवून बघायचं रंगांचं पुस्तक) १० वायआर ४/३ (पहिला आकडा छटेचा, मग व्हॅल्यू म्हणजे उजळपणा, शेवटी क्रोमा म्हणजे रंगाचा भडकपणा), खालची हद्द अगदी पट्टीने मारल्यासारखी सरळ कारण ती नांगराने मारलेली आहे. त्याखाली २३ ते ५३ पहिला बी थर (बी थर म्हणजे नांगरटीखालचा, मूळ गाळाचा रंग आणि बांधणी बदलून झालेला थर), पिवळट तपकिरी, १० वायआर ५/४, गांडुळांची भरपूर बिळं, चाकूने उचकटलं की बोटाएवढे कोनेदार पण कडा बोथट असे ढेकळाचे तुकडे सुटतात आणि चिमटीत सहज फुटतात. मग ५३ ते ७६ दुसरा बी थर. मग जवळजवळ मीटरपर्यंत एक मधलाच थर जिथे बांधणी विरत जाते. त्याखाली मूळ गाळ, ज्यात पातळ पातळ पापुद्रे अजून दिसतात, एक सिल्टचा एक बारीक वाळूचा, तळ्यात बसलेले तसेच. आणि १४० च्या आसपास चाकू खडखडला, गोटे. बर्फ वितळतानाच्या वेगवान पाण्याचे.

सगळा खेळ त्या ५३ ला आहे. साधारण ४५ पासून गंजाच्या रंगाचे बारके ठिपके दिसायला लागतात, ७.५ वायआर ५/६, पण नुसते ठिपके, त्यांनी काही सिद्ध होत नाही. ५३ ला पहिल्यांदा राखाडी आलं. १० वायआर ६/२. मी तिथला एक तुकडा काढून तळहातावर फोडला तर मधून एक जुन्या मुळाची नळी गेलेली, नळीच्या कडेने दोन-तीन मिलिमीटर मातीचा रंग धुऊन निघालेला, फिकट राखाडी, आणि त्या राखाडीच्या बाहेर, तुकड्याच्या आतल्या बाजूला, गंजाची एक कडा. मूळ नाही, पाणी नाही, सगळं कोरडं. पण तिथे काय झालं ते क्रमाने वाचता येतं.

मातीचा पिवळा-तपकिरी रंग म्हणजे कणांवर बसलेला लोखंडाचा ऑक्साइड. कण स्वतः क्वार्ट्झ, फेल्डस्पार वगैरे, त्यांचा रंग राखाडीच. माती पाण्याने भरली की हवा आत शिरत नाही, जिवाणू असलेला ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग मँगनीज, आणि मग लोखंडावर येतात. ऑक्सिडाइज्ड लोखंड पाण्यात विरघळत नाही पण जिवाणूंनी त्याला इलेक्ट्रॉन दिला की विरघळतं आणि पाण्याबरोबर सरकतं. सरकून जिथे थोडी हवा अडकलेली सापडते तिथे परत ऑक्सिडाइज होऊन बसतं. जिथून गेलं तिथे कण उघडे पडतात, राखाडी. जिथे बसलं तिथे गंज. कुजणारं मूळ म्हणजे जिवाणूंचं जेवण, म्हणून राखाडी सुरू होतो तो मुळाच्या नळीपासून आणि लोखंड ढकललं जातं तुकड्याच्या आत. भातखाचरात किंवा दलदलीत याच्या उलट दिसतं, तिथली मुळं जिवंत असतात आणि स्वतःबरोबर ऑक्सिजन खाली नेतात, त्यामुळे गंज नळीलाच चिकटलेला असतो.

पूर्वी या सगळ्याला नुसतं मॉटल्स म्हणजे ठिपके म्हणायचे, १९९२ पासून रेडॉक्स डिप्लीशन (लोखंड गेलेली राखाडी जागा) आणि रेडॉक्स कॉन्सन्ट्रेशन (लोखंड बसलेली गंजाची जागा) असं वेगळं करून लिहितात, आणि ते बरंच झालं कारण ठिपके तर दगड कुजूनही पडतात.

पण यात एक अट आहे जी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला फार आवडली. नुसतं पाणी असून भागत नाही. पाणी पाहिजे, ते साचलेलं पाहिजे म्हणजे ऑक्सिजन संपेल, जिवाणूंना खायला सेंद्रिय पदार्थ पाहिजे, आणि माती एवढी तरी गरम पाहिजे की जिवाणू काम करतील, ढोबळमानाने ५ अंशाच्या वर. मार्चमध्ये बर्फ वितळून जे पाणी आत उतरतं ते बर्फासारखंच थंड आणि त्यात ऑक्सिजन भरपूर विरघळलेला. अशा पाण्यात माती महिनाभर भिजत पडली तरी कदाचित एक राखाडी ठिपका पडणार नाही. म्हणजे ठिपके नसले म्हणून पाणी नव्हतं असं म्हणता येत नाही. उलटही तेच. या भागात शेतात टाइल घातलेल्या असतात, जमिनीखालचे चर. जिनिव्हा गावाजवळ जॉन जॉन्स्टन नावाच्या स्कॉटलंडहून आलेल्या शेतकऱ्याने १८३८ मध्ये मातीचे पन्हाळीसारखे तुकडे पुरून अमेरिकेत ही पद्धत सुरू केली, आता मातीऐवजी प्लास्टिकचे भोकं पाडलेले पाईप, आमच्याकडे क्षारपड जमिनीत घालतात तेच. टाइल घातली की पाणी उतरतं पण ठिपके शेकडो वर्षं तसेच राहतात. मग रंग सांगतो 'ओली' आणि शेत असतं कोरडं. वर्गीकरणवाल्यांनी हे आधीच धरलंय, नियमातच लिहिलंय की अमुक काळ पाणी 'किंवा कृत्रिम निचरा', म्हणजे टाइल घातली म्हणून मातीचं नाव बदलत नाही.

आणि तिसरी खोड म्हणजे मूळचाच राखाडी. तळ्यातला गाळ राखाडी शेलचा असेल तर तो रंग पाण्याने आलेला नाही, जन्माचाच. म्हणून तुकडा फोडून बघायचं की राखाडी नळीच्या, भेगेच्या कडेने चाललाय की सगळीकडे सारखा पसरलाय, आणि बाजूला गंज आहे का. नुसता राखाडी, बाजूला गंज नाही, तर जरा संशय घ्यायचा.

आता घरचं. इथे आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून जरा लांबण लावते.

आमच्या पट्ट्यात निचऱ्याचा प्रश्न इथल्यापेक्षा दहापट गंभीर आहे. उसाला पाटाने पाणी, वर्षानुवर्षं, खाली जड क्ले, पाणी वर चढत आलं, त्याबरोबर क्षार, आणि चांगल्या चांगल्या जमिनी चिबड झाल्या, पांढरी खपली आली. म्हणजे पाणी कुठपर्यंत चढतंय हे आधी कळणं इथल्या मक्यापेक्षा तिथल्या उसाला जास्त गरजेचं. पण तिथे खड्डा काढून मन्सेलचं पुस्तक उघडलंत तर काय दिसेल? वर १० वायआर ३/१, अर्ध्या मीटरवर ३/१, एक मीटरवर ३/२. वरपासून खालपर्यंत काळं. राखाडी डिप्लीशन धरायचा नियम म्हणतो क्रोमा २ किंवा कमी हवा आणि व्हॅल्यू ४ किंवा जास्त. क्रोमा आपला पहिल्या इंचापासूनच २ च्या आत आहे, मग सगळीच जमीन पाण्यात बुडालेली धरायची का? तर नाही, तो काळेपणा पाण्याचा नाहीच, सेंद्रिय पदार्थ पण फार नाहीत, असतील अर्धा-पाऊण टक्का, पण स्मेक्टाइट या फुगणाऱ्या क्लेला ह्यूमस असा घट्ट बांधला जातो की थोडक्यातही काळी दिसते. त्या काळ्यावर राखाडी ठिपका पडला तरी डोळ्याला दिसत नाही. वर माती दरवर्षी भेगाळते, फुगते, घसरते, त्यामुळे ठिपके पडले तरी जागेवर राहत नाहीत. मी बीएस्सीला असताना प्रोफाइल बघितली तेव्हा आम्ही चुनखडीचे खडे मोजले, घसरून गुळगुळीत झालेले पृष्ठभाग बघितले, निचऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं ते मात्र सरांना विचारून लिहिलं.

वर्गीकरणाच्या नियमांनाही ही अडचण माहितीये. ओल्या व्हर्टिसॉलचा (व्हर्टिसॉल म्हणजे आपल्यासारखी भेगाळणारी, फुगणारी माती) वेगळा सबऑर्डर म्हणजे उपगट आहे, अक्वर्ट्स, आणि तिथे रंगाशिवाय दुसरा रस्ता ठेवलाय, अल्फा-अल्फा डायपिरिडिल नावाचं रसायन. ताज्या फोडलेल्या ओल्या मातीवर थेंब टाकला आणि विरघळलेलं लोखंड असेल तर गुलाबी-लाल होतं. पण ते त्या क्षणाचं सांगतं. पाणी असताना जाऊन टाकावं लागतं, मे महिन्यात कोरड्या खड्ड्यात काही उपयोग नाही. म्हणजे आमच्याकडे राहतं काय, तर भोकं पाडलेला पाईप दोन मीटर गाडून त्यातली पातळी वर्षभर मोजत बसणं. स्वस्त आहे, कुणीही करू शकतं, आणि फारसं कुणी करत नाही. अण्णांना गळ घालून मी खालच्या पट्टीत एक गाडायला लावलाय. पावसाळ्यानंतर कधी मोजतात कधी विसरतात.

असो. परत टेरेसवर.

निचऱ्याचा वर्ग ठरवायचा म्हणजे काय, तर मॅन्युअलमधली व्याख्या वाचली तर त्यात रंगाचा उल्लेखच नाही. वर्षातला काही काळ पाणी जरा हळू निघतं, वाढीच्या हंगामात मुळांच्या टप्प्यात थोडाच काळ ओल राहते पण पिकाला जाणवेल इतकी, असं काहीतरी मोघम. रंगाचं गणित हे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी आपापल्या भागात बसवलेलं. बऱ्याच ठिकाणी चालतं ते असं की राखाडी डिप्लीशन ५० ते १०० सेंटीमीटरमध्ये सुरू झाले तर मॉडरेटली वेल, २५ ते ५० मध्ये तर त्याच्या खालचा वर्ग, आणि मीटरच्या खाली गेले तर वेल. आमचे ५३. तीन सेंटीमीटरने वाचलो. याच्यावर आमच्या ग्रुपमध्ये चांगली अर्धा तास खडाजंगी झाली, एकजण म्हणे समोरच्या भिंतीवर ४८ ला पण दिसतोय. प्रोफेसर वर उभे राहून मजा बघत होते आणि शेवटी म्हणाले भांडा, पण दोन्ही भिंतींची खोली लिहून ठेवा, पुढच्याला उपयोग होईल. हे मला पटलं. वर्ग हा तुमचा अंदाज असतो, खोली हे निरीक्षण असतं, आणि कित्येक जुन्या रिपोर्टमध्ये फक्त वर्ग लिहिलेला असतो.

मग सॉइल टॅक्सॉनॉमी, म्हणजे मातीला नाव द्यायची अमेरिकन वर्गीकरण पद्धत. याची चावी गाळत गाळत पुढे जाते. पहिल्या दाराने थांबवलं नाही तर दुसऱ्या दाराशी. व्हर्टिसॉल नाही, भेगा नाहीत. मॉलिसॉल नाही, वरचा थर पुरेसा काळा नाही. मग खरा प्रश्न आल्फिसॉल किंवा अल्टिसॉल का इन्सेप्टिसॉल, म्हणजे बी थरात वरून क्ले उतरून साठलीये की नाही. सिल्टच्या मातीत इथे फसायला होतं कारण तुकड्यांच्या कडेवर जी चकाकी दिसते ती क्लेची पापुद्री आहे असं वाटतं, दहापटीच्या भिंगातून बघितलं तर धुतलेल्या सिल्टचे उघडे दाणे निघतात. शिवाय पट्टी वरच्या थरात आणि बी थरात सारखीच तुटत होती, क्ले वाढलेलीच नाही. म्हणजे बी थर झालाय खरा, रंग बदललाय, बांधणी आलीये, तळ्यातले पापुद्रे मोडलेत, पण एवढंच. अशा थराला म्हणतात कॅम्बिक. ऑर्डर इन्सेप्टिसॉल. १२-१५ हजार वर्षांत याहून जास्त काय होणार म्हणा.

पुढे सबऑर्डर. ५० सेंटीमीटरच्या आत राखाडी माजलेला असता तर अक्वेप्ट, तो नाही. पाऊस वर्षभर सारखा पडतो, वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर, म्हणून युडेप्ट. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बाकी कोरडं म्हणून नावात 'उस्ट' येतो, हॅप्लुस्टर्ट वगैरे. मग बेस सॅच्युरेशन (मातीने धरलेल्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरेंचा वाटा किती), २५ ते ७५ सेंटीमीटरमध्ये ६० टक्क्यांच्या खाली असेल तर डिस्ट्रुडेप्ट, नाहीतर युट्रुडेप्ट. २५ पासून का, तर वरच्या थरात शेतकरी चुना टाकत असतो, तिथलं मोजून मातीचा स्वभाव कळत नाही. आमच्या फील्ड किटवर बी थराचा पीएच ५.४ आला, त्यावरून अंदाज डिस्ट्रुडेप्टचा आणि नंतर लॅबनेही तेच सांगितलं.

आता सबग्रुप, आणि इथे परत ते राखाडी ठिपके येतात. अक्विक (म्हणजे पाण्याची खूण असलेला) डिस्ट्रुडेप्ट व्हायला डिप्लीशन ६० सेंटीमीटरच्या आत हवेत. निचऱ्याचा वर्ग मात्र १०० पर्यंत चालतो. म्हणजे समजा आमचे ठिपके ५३ ऐवजी ७० ला सुरू झाले असते तर माती मॉडरेटली वेल ड्रेन्डच राहिली असती पण नावातून अक्विक गेलं असतं. मग ती ऑक्सिअक्विक झाली असती, जर १०० च्या आत सलग २० दिवस किंवा एकूण ३० दिवस पाणी भरलेलं राहतं असं दाखवता आलं तर, आणि ते दाखवायला परत पाईप गाडून मोजायला पाहिजे, रंगावरून दाखवता येत नाही. तेही नसतं तर टिपिक. एकच निचऱ्याचा वर्ग आणि तीन सबग्रुप, त्यामुळे कुणी नुसतं 'मध्यम निचऱ्याची सिल्टी माती' म्हटलं की मी आता आधी खोली विचारते.

उरलेलं पटकन सांगते. २५ ते १०० सेंटीमीटरच्या पट्ट्यात क्ले १८ टक्क्यांच्या आत आणि ०.१ मिलिमीटरपेक्षा जाड माल १५ टक्क्यांच्या आत, म्हणून कोर्स-सिल्टी. खनिजं मिसळ, म्हणून मिक्स्ड. क्लेच्या मानाने कॅटायन धरायची क्षमता ०.४ ते ०.६, म्हणून ॲक्टिव्ह. मातीचं वर्षाचं सरासरी तापमान ८ ते १५ अंशात, म्हणून मेसिक. जोडून वाचा: कोर्स-सिल्टी, मिक्स्ड, ॲक्टिव्ह, मेसिक अक्विक डिस्ट्रुडेप्ट्स. आणि हे वर्णन ज्या सिरीजला (सिरीज म्हणजे वर्गीकरणातली सगळ्यात खालची पायरी, मातीचं स्वतःचं नाव) तंतोतंत बसतं ती स्किओ.

तिच्या शेजारणी पण बघा. याच गाळात, याच टेरेसवर, जरा उंच कडेला पाणी खाली निघून जातं तिथे उनाडिला, वेल ड्रेन्ड. जरा खोलगट भागात रेनहॅम, जिथे राखाडी पार वर येतो. तीन माती, गाळ एकच, फरक फक्त पाण्याचा. आणि दुसरीकडे याच राज्यात विल्यमसन नावाची माती आहे, तीही सिल्टी, तीही मॉडरेटली वेल, पण तिच्या पोटात फ्रॅजिपॅन, म्हणजे कोरडा असताना दगडासारखा कडक आणि पाण्यात टाकला की फुटून विखुरणारा थर, आणि पाणी त्याच्या डोक्यावर अडकून बसतं. स्किओत असा अडथळा नाही, तिथे पाणी खालून चढतं. फॉर्मवर दोघींचा रकाना सारखाच भरला जातो, पण टाइल कुठे आणि किती खोल घालायची याचं उत्तर दोघींचं एकदम वेगळं.

शेत एका डेअरीवाल्याचं होतं, साठीचा माणूस, दुपारी ट्रक घेऊन बघायला आला. त्याला नावात काडीचा रस नव्हता. त्याचा प्रश्न अल्फाल्फाचा, म्हणजे आपला लसूणघास. या पट्ट्यात तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विरळ होतो, का? तर सिल्ट आणि पाणी आणि थंडी एकत्र आली की माती गोठताना पाणी खालून ओढून घेते, बर्फाचे पदर तयार होतात आणि रोपाचं सोटमूळच वर उचललं जातं, दोन-चार थंडी-वितळण्यात शेंडा उघडा पडून मरतो. वाळू पाणी ओढत नाही, जड क्ले ओढते पण फार हळू, सिल्टचं दोन्ही जमतं म्हणून ती यात सगळ्यात वाईट. प्रोफेसरांनी त्याला सांगितलं की अल्फाल्फा त्या वरच्या उनाडिलाच्या कडेला ठेव आणि इथे ट्रेफॉइल नाहीतर क्लोव्हर गवतात मिसळून लाव, त्याला ओल चालते आणि उचललं जाण्याचा त्रास कमी.

मग आम्ही ऑगर (जमिनीत भोक पाडून माती वर काढायचं गिरमिट) घेऊन खोलगट भागाकडे चालत गेलो, दर पंधरा-वीस पावलांवर एक भोक, राखाडी किती वर येतोय ते बघत. जिथे तो ५० सेंटीमीटरपेक्षा उथळ आला तिथे नकाशावर रेघ मारली, इकडे स्किओ तिकडे रेनहॅम. शेतकरी म्हणाला रेघ चुकलीये, माझा ट्रॅक्टर मेमध्ये याच्या बरंच वर अडकतो, इथे वाफसा यायला बाकी शेतापेक्षा आठवडा जास्त लागतो (वाफसा हा शब्द अर्थात माझा). म्हणून त्याने दाखवलेल्या जागी भोक घेतलं. राखाडी ५८ ला. पण नांगरटीच्या तळाशी, २०-२५ च्या दरम्यान, ऑगर फिरेनाच, माती पापुद्र्यापापुद्र्याने दाबली गेलेली. ते पाणी खालून येत नव्हतं, वरचंच खाली जात नव्हतं, शेणाच्या स्लरीच्या टँकरने दाबून टाकलेल्या थरावर थांबत होतं. त्याने निचऱ्याचा वर्ग बदलत नाही, सिरीज बदलत नाही, रेघही बदलत नाही, ट्रॅक्टर मात्र अडकतो. प्रोफेसरांनी त्याला सांगितलं, ओल असताना टँकर घालू नका. तो हसला, म्हणाला, स्लरीचं तळं एप्रिलमध्येच भरतं प्रोफेसर, गाईंना सांगू का थांबा म्हणून?